दुपारी एक ते चार

"रडणाऱ्याची काळजी सगळं गाव करतं. तू गप्प असणाऱ्याकडे लक्ष ठेव."

दवाखान्यातून घरी सोडताना मोठ्या सिस्टरनी तिला हे बजावून सांगितलं होतं, आणि तिनं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं होतं. तिचाही फार दोष नव्हता म्हणा. एका हातात तीन दिवसांचं बाळ, दुसऱ्या हातात औषधांचा कागद आणि सगळं लक्ष नवऱ्याकडे, की हा गाडीचं दार नेमकं बाळाच्या डोक्याच्या बाजूनं तर लावत नाही ना. त्या घटकेला कोणी तिला सोन्याच्या खाणीचा पत्ता सांगितला असता तरी तिनं "हो हो, येते मी" म्हणून मान डोलावली असती. शिवाय तिची मुलगी गप्प बसणाऱ्यांतली नव्हतीच. जन्मल्यापासून तिनं आख्खा मजला दणाणून सोडला होता. तेव्हा हा सल्ला आपल्यासाठी नव्हे, शेजारच्या खाटेवरच्या बाईसाठी असेल, असा तिनं सोयीस्कर समज करून घेतला.

हा दवाखाना म्हणजे टेकडीवरचा. फाटकावरच्या पाटीवर संस्थेचं लांबलचक नाव होतं, पण ते पूर्ण वाचेपर्यंत माणूस बरा होऊन घरी जाईल, असं लोक म्हणत, आणि नुसतं 'दवाखाना' म्हणत. त्याला मालक असा नव्हता. मालक कोण असं विचारलं तर गावातला न्हावी छातीवर हात ठेवून "मी" म्हणाला असता, कारण दर बुधवारी तो वॉर्डात जाऊन रुग्णांच्या दाढ्या करायचा. निवृत्त मास्तरही "मी"च म्हणाले असते, ते ज्यांची दृष्टी गेली आहे त्यांना पेपर वाचून दाखवायचे आणि मधूनमधून बातम्यांत स्वतःची मतं घुसडायचे. टेकडीवर थोरला दवाखाना, आसपासच्या वस्त्यांमध्ये चार धाकटे दवाखाने, आणि या पाचांच्या मध्ये दिवसभर फिरणारी एक पांढरी फेरीची गाडी. ही गाडी औषधं नेई, रक्ताच्या बाटल्या नेई, वेळ पडली तर रुग्ण नेई आणि डॉक्टरांचा विसरलेला चष्माही नेई.

आणि दवाखान्याचं एक मानलं पाहिजे, फाटकाबाहेर पडलेल्या माणसाला तो सोडत नसे. बाळंत बाईला पहिलं वर्षभर फोनची सोय होती. केव्हाही करा, काहीही विचारा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची एक यादी होती. त्यांना दर सोमवारी दवाखान्यातून फोन जाई. हे दोन्ही उद्योग मोठ्या सिस्टरांच्या ताब्यात. पस्तीस वर्षं वॉर्डात उभं राहून गुडघ्यांनी संप पुकारल्यावर त्या तळमजल्यावरच्या फोनच्या खोलीत बसायला लागल्या होत्या. गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती.

'काहीही विचारा' हे वाक्य लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आपली ही नायिका नव्हती. पहिल्या महिन्यात तिनं एक्केचाळीस फोन केले. बाळाला दिवसातून अकरा शिंका येतात, चालतात का? उचकी सहा मिनिटं टिकली, नोंद करू का? डाव्या बाजूला झोपते तेव्हा उजवा पाय हलवते, याचा अर्थ काय? सगळं ती वहीतून वाचून सांगायची. तिनं कॉलेजात संख्याशास्त्र घेतलं होतं, पहिल्या वर्गात पास झाली होती, आणि त्या विद्येचा आता पुरेपूर सूड उगवत होती. दोनशे पानी वही, प्रत्येक पानावर पट्टीनं आखलेले नऊ रकाने. दूध, झोप, शी, शू, शिंका, उचक्या, रडण्याची वेळ, रडण्याचं कारण आणि 'इतर'. नवरा म्हणायचा, आपल्याकडे बाळ आलंय की वेधशाळा उघडलीय? सासूबाई दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. रोज सकाळी नातीला आंघोळ घालायला यायच्या आणि वहीकडे पाहून एकच वाक्य बोलायच्या, की आम्ही तीन पोरं वाढवली पण एकाचीही शिंक मोजली नाही. त्यातल्या मधल्याला बाराही महिने सर्दी असते आणि तोच आपल्या पदरात पडलाय, हे सूनबाई मनातल्या मनात म्हणायची.

फोनच्या खोलीत तिचं नाव पडलं 'वहीवाली'. तिलाही ते ठाऊक होतं. फोन उचलला की मोठ्या सिस्टर म्हणायच्या, "बोल गं वहीवाले, आज कुठला रकाना?" हसायच्या, पण तिचं ऐकून घेतल्याशिवाय त्यांनी एकदाही फोन ठेवला नव्हता. मुलीचं बाळसं पाहून त्यांनीच तिचं नाव भोपळी ठेवलं होतं, आणि आता घरातही तेच चालत होतं.

भोपळी चार महिन्यांची झाली तेव्हा वहीत दहावा रकाना आला. त्याचं नाव 'मशीन'.

त्यांच्या खाली, तळमजल्यावर शिंपीकाका राहायचे. सत्तरीपुढचे, एकटे, बोलायला मऊ. दुकान कधीच बंद केलेलं, गिऱ्हाईक नाही, पण रोज दुपारी दीडच्या सुमाराला त्यांचं पायाचं जुनं शिलाई मशीन सुरू व्हायचं, ते चारच्या आसपास थांबायचं. आणि हे मशीन बरोब्बर भोपळीच्या पाळण्याखाली होतं. खडखड सुरू झाली की भोपळीचे डोळे टक्क उघडे. वहीवाली दोनदा खाली जाऊन बोलून आली. पहिल्या खेपेला काका इतके ओशाळले की त्यांनी लगेच मशीनच्या पायांखाली पोतं दुमडून घातलं. त्यानं खडखडीची खुडखुड झाली. पण भोपळीला खुडखुडही चालेना. दुसऱ्या खेपेला काका काहीतरी सांगत होते, गुरुवारी गाडी येते, तोवर एवढं संपवायचं असतं, सकाळी डोळ्यांना नीट दिसत नाही, दुपारी खिडकीतून ऊन येतं तेव्हाच सुई ओवता येते. पण तेवढ्यात वर भोपळी रडली आणि ही जिना चढून गेलीसुद्धा. कोणाची गाडी, कसलं संपवायचं, तिनं विचारलं नाही.

मग एका सोमवारी संध्याकाळी तिनं चिठ्ठी लिहिली. तीन मसुदे फाडले आणि चौथा खालच्या दाराच्या फटीतून सरकवला. 'आदरणीय काका, आपल्याला त्रास देण्याचा हेतू नाही, परंतु दुपारी एक ते चार ही बाळाची झोपेची वेळ असल्याने त्या वेळेत कृपया कोणताही आवाज होऊ नये, ही नम्र विनंती. सोबत मागील एकवीस दिवसांचा तक्ता जोडला आहे.'

तक्ता खरंच जोडला होता. मशीन सुरू झाल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ, मध्ये भोपळी किती वेळा उठली. नवऱ्यानं ते पाहिलं आणि एवढंच म्हणाला, की बरं झालं मी तुझ्याशी लग्न केलंय, शेजारी राहायला आलो नाही.

मंगळवारी मशीन वाजलं नाही. एक वाजला, दीड झाला, दोन वाजले, आणि खाली चिडीचूप. भोपळी अडीच तास झोपली. वहीवालीनं 'मशीन' या रकान्यात शून्य लिहिलं, त्याच्यापुढे एक चांदणी काढली आणि कितीतरी दिवसांनी गरम असतानाच चहा प्यायली. तिला जरा वाईटही वाटलं. काका किती समंजस आहेत, संध्याकाळी जाऊन आभार मानावेत, असं ठरवलं. पण चारलाच ती भोपळीला बागेत फिरवायला घेऊन गेली, सहाला परत आली, मग दूध, मग कपड्यांची बादली, आणि आभार राहून गेले.

बुधवारीही शून्य. दुसरी चांदणी. पावणेदोन, दोन, सव्वादोन. भोपळी गाढ झोपलेली. आणि अडीचच्या सुमाराला वहीवालीचा मूळ स्वभाव जागा झाला. ही इतकी का झोपतेय? काल अडीच तास, आज कदाचित तीन. जे मूल परवापर्यंत सलग चाळीस मिनिटांवर झोपलं नाही ते अचानक असं निपचित? तिनं नाकाखाली बोट धरून पाहिलं. श्वास होता. पाच मिनिटांनी पुन्हा पाहिलं. होता. तिसऱ्यांदा पाहिल्यावर भोपळीनं झोपेतच नाक मुरडलं. इतके दिवस झोपत नाही म्हणून रडणारी ही बाई आता झोपते म्हणून पाचावर धारण बसवून घेऊन फोनपाशी गेली.

"बोल गं वहीवाले," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "दोन दिवस फोन नाही. मला वाटलं गाव सोडून गेलीस."

तिनं सगळं वाचून दाखवलं. सिस्टरनी ताप विचारला, दूध विचारलं, रंग विचारला. सगळं ठाकठीक होतं.

"म्हणजे तुझी तक्रार अशी की मूल झोपतं," सिस्टर म्हणाल्या. "लिहून घेते. बरं, झोप वाढली तर काहीतरी बदललं असेल. काय बदललं?"

काही नाही, ती म्हणाली, फक्त खालचं मशीन बंद झालंय. आणि मग, थोडं अभिमानानंच, तिनं चिठ्ठीची आणि तक्त्याची हकीकत सांगितली. पलीकडून हसू आलं नाही.

"खाली म्हणजे शिंपीकाका? तुमच्या खाली?" सिस्टरांचा आवाज बदलला होता. "उद्या गुरुवार. गाडी जाणार त्यांच्याकडे. बुधवारी तो माणूस हातातलं काम टाकून बसणार नाही, तू एक सोडून दहा चिठ्ठ्या लिही. वही उघड. परवापासून खालून काय काय ऐकलंस, ते वाच."

तिनं वाचलं. सोमवार, मशीन तीन चाळीसला बंद. संध्याकाळी खोकला, दोनदा. मंगळवार सकाळी नऊला नळ. अकरा वीसला ठोकाठोकी. पुढे 'इतर'च्या रकान्यात तिनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मशीनचं सांगितलं तर आता खिळे ठोकतायत!'

"किती वेळ?"

"चार मिनिटं." तिनं रकान्यावरून बोट पुढे नेलं. "मग थांबून थांबून. पुन्हा बाराला थोडंसं."

"त्यानंतर?"

त्यानंतर पान कोरं होतं. नळ नाही, खोकला नाही, दार नाही, काहीच नाही. सत्तावीस तासांचा तो कोरा कागद तिनं आनंदानं, चांदण्या काढून जपला होता.

"फोन ठेवू नकोस," सिस्टर म्हणाल्या. पलीकडे कार्डं चाळल्याचा आवाज आला. "हे बघ, त्यांचं कार्ड. दुसरी किल्ली कुणाकडे: वरच्या मजल्यावर, दारामागच्या खिळ्याला. आहे का?"

दारामागच्या खिळ्याला भोपळीचं टोपडं होतं. टोपड्याखाली तिचंच दुसरं टोपडं. त्याच्याखाली एक किल्ली, तिला कापडाची निळी चिंधी बांधलेली. वर्षापूर्वी इथे राहायला आले तेव्हा नवऱ्यानं कुठल्या तरी किल्लीबद्दल काहीतरी सांगितलं होतं, खालच्या काकांनी ठेवायला दिलीय की काय. तेही दुसऱ्या कानानं गेलं होतं. बाईचा तो दुसरा कान म्हणजे नुसती चाळण.

तिनं झोपलेल्या भोपळीला खांद्यावर घेतलं, फोन कानाशी दाबला आणि जिना उतरली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं बाळाचं डोकं नीट झाकलंय की नाही हे पाहिलं नाही.

दार वाजवलं. हाक मारली. किल्ली लागली.

काका मशीन आणि कपाटाच्या मधल्या चिंचोळ्या जागेत पडले होते. बाजूला उलटलेलं स्टूल, आणि अंगावर अर्धवट उलगडलेला कापडाचा तागा. डावा पाय कसातरीच बाहेरच्या बाजूला वळलेला. एका हाताशी कापड मोजायचा लाकडी गज. दुसऱ्या हातात इस्त्री करताना कपड्यावर पाणी मारायची बाटली, रिकामी. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. डोळे उघडले तेव्हा आधी त्यांना ती दिसलीच नाही, तिच्या खांद्यावरची भोपळी दिसली.

"चार वाजले का?" त्यांनी विचारलं. आवाज कागद घासल्यासारखा.

"तीन वाजून पाच मिनिटं," तिनं सवयीनं सांगितलं, आणि मग तिला तो प्रश्न कळला. ती खाली बसली.

काल अकराला काका वरचा तागा काढायला स्टुलावर चढले आणि पडले. गजानं भिंतीवर ठोकत राहिले. बारानंतर दम घेतला. मग एक वाजला, आणि एक ते चार तर आवाज करायचा नव्हता, लेखी विनंती होती. चारनंतर ओरडले, तेव्हा वरची मंडळी बागेत. रात्री तर बाळ झोपलेलंच. आज सकाळी ओरडले, तेव्हा सासूबाई नातीला आंघोळ घालत होत्या आणि नात जगाला हाका घालत होती. मग पुन्हा एक वाजला. काका चारची वाट बघत पडून राहिले होते.

"वहीवाले," फोनमधून सिस्टर म्हणाल्या, "रडायचं असेल तर नंतर रड, मी जागा धरून ठेवते. आत्ता त्यांना हलवू नकोस. पाणी पाजू नकोस, ओठ नुसते ओले कर. अंगावर पांघरूण घाल. फेरीची गाडी धाकट्या दवाखान्यातून निघालीय."

पांघरूण शोधायला ती वळली तेव्हा तिला कोपऱ्यातली चळत दिसली. घडी घातलेली दुपटी. पिवळी, पांढरी, ठिपक्यांची, उरलेल्या तुकड्यांची, आणि प्रत्येकाला तोच निळा काठ. तो काठ ती झोपेतही ओळखली असती, कारण तिच्या खांद्यावर आत्ता जे दुपटं होतं त्यालाही तोच होता. दवाखान्यात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला पहिल्या दिवशी मिळतं तसलं. भोपळीला त्याच्याशिवाय झोप लागत नसे आणि त्यामुळे ते धुणं हा घरातला सगळ्यात अवघड प्रसंग असे. हे दुपटं दवाखान्यात येतं कुठून, हा प्रश्न एवढ्या शिंका मोजणाऱ्या बाईला एकदाही पडला नव्हता.

एक दुपटं म्हाताऱ्या माणसाच्या छातीलाही पुरेना. तिनं सात घातली. छातीवर दोन, पोटावर दोन, पायांवर दोन आणि एक गळ्याभोवती. भोपळीला शेजारी कापडाच्या घड्यांवर ठेवलं आणि चमच्यानं ओठ ओले करत राहिली. भोपळी जागी झाली होती आणि आश्चर्य म्हणजे रडत नव्हती. काकांकडे बघत होती.

"उठवलं की मी तिला," काका पुटपुटले.

गाडी अकरा मिनिटांत आली. हे तिनं मुद्दाम मोजलं नव्हतं, तिच्याच्यानं मोजल्यावाचून राहवत नव्हतं इतकंच.

पुढचे तीन दिवस वाईट गेले. खुब्याचं हाड मोडलं होतं, ते बसवता येणार होतं. पण इतके तास पाण्यावाचून पडल्यानं मूत्रपिंडांनी मान टाकली होती, ती शुद्धीवर येतात की नाही याची डॉक्टर वाट बघत होते. वहीवाली दर चार तासांनी फोन करायची. लघवी किती झाली? काल रात्रीपेक्षा जास्त की कमी? तिनं वहीत कोरं पान घेतलं, रकाने आखले. मोठ्या सिस्टर प्रत्येक वेळी वॉर्डात विचारून सांगायच्या. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "दोन दिवसांत भोपळीबद्दल एक प्रश्न नाही. जिवंत आहे ना?" ती आहे, मजेत आहे, असं उत्तर आलं. "बघ, तू न मोजताही वाढतेय," सिस्टर म्हणाल्या, आणि मग हळूच सांगितलं की आजचा आकडा चांगला आहे, डॉक्टर उद्या ऑपरेशन करायचं म्हणतायत.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी ती वॉर्डात गेली. बुधवार होता, त्यामुळे काका नुकतेच गुळगुळीत दाढी होऊन उशीला टेकून बसले होते. तिनं वाटेत माफीची चार वाक्यं जुळवली होती. पहिलं निम्मं झालं आणि काकांनी हात वर केला.

"ताई, तक्ता मात्र झकास होता," काका म्हणाले. "फक्त दुसऱ्या शुक्रवारी तुम्ही माझ्या नावावर पंधरा मिनिटं जास्त लावलीत. त्या दिवशी मी पावणेचारलाच उठलो होतो."

"मी दुरुस्त करते," ती म्हणाली आणि मग खरंच रडली. सिस्टरनी धरून ठेवलेली जागा शेवटी कामी आली.

मोठ्या सिस्टर गुडघे सांभाळत वर आल्या होत्या. त्यांनी खिशातून काकांचं कार्ड काढून तिच्या हातात दिलं. 'जवळचं माणूस' या ओळीत आधी कोणा लांबच्या भाच्याचं नाव होतं, ते खोडलेलं. त्याखाली काकांच्या थरथरत्या अक्षरात: 'वरच्या मजल्यावरच्या ताई. माझं मशीन कधी सुरू होतं आणि कधी थांबतं हे त्यांच्याइतकं जगात कोणालाच ठाऊक नाही.' तारीख महिन्याभरापूर्वीची. तिनं दुसऱ्यांदा तक्रार केली, त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

"मी सोमवारी फोन करते," सिस्टर म्हणाल्या. "मंगळवारी पडलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? आमची यादी कितीही चांगली असली तरी यादीला कान नसतात. आता ऐक. यांना घरी जायचंय. रोज बघणारं कोणी आहे असं लिहून मिळाल्याशिवाय मी सोडणार नाही. कोणाचं नाव घालू?"

काका खिडकीबाहेर बघायला लागले. घरी की धाकट्या दवाखान्यातल्या लांबच्या खाटेवर, कोणाच्या तरी दयेवर, हे त्या एका ओळीवर होतं, आणि ते तोंडानं मागणारे नव्हते. वहीवालीनं पिशवीतून वही काढली, शेवटचं पान उघडून पुढे केलं. रकाने आधीच आखलेले होते. सकाळचा नळ, खोकला, चहा, व्यायाम, मशीन.

"खोकलासुद्धा?" काकांनी विचारलं.

"सुटका नाही तुमची," सिस्टर म्हणाल्या.

मशीनचा तिढा राहिला होता. तो नवऱ्यानं सोडवला. काका यायच्या आदल्या दिवशी त्यानं खाली जाऊन मशीन ढकलत ढकलत पुढच्या खोलीत नेलं, तिथल्या खिडकीतही दुपारचं ऊन येत होतं, आणि वर पाळणा नव्हता, स्वयंपाकघर होतं. दहा मिनिटांचं काम. एकवीस दिवसांचा तक्ता करणाऱ्या विदुषीला हे सुचलं नव्हतं, हे तो तिला पुढची तीस वर्षं ऐकवणार, हे तिनं ओळखलं.

काका बरे होईपर्यंत दुपट्यांचं काम थांबू नये म्हणून वहीवालीनं चार दुपट्यांना काठ लावून ती गुरुवारच्या गाडीत घातली. त्यातली तीन परत आली. सोबत मोठ्या सिस्टरांची चिठ्ठी होती, की मुलं आमच्याकडे नुकतीच जन्मलेली असतात, त्यांना पहिल्याच दिवशी असं काही दाखवू नये. सासूबाई खूश झाल्या. नवऱ्यानं ती तिन्ही उसवून पुन्हा शिवली, आणि ती मात्र पास झाली.

दवाखाना दर महिन्याला एक पत्रक काढतो. ते घरी जाणाऱ्या प्रत्येक आईच्या पिशवीत, दुपट्याखाली ठेवलेलं असतं. मोठ्या सिस्टरनी तिला फर्मावलं, नव्या आयांसाठी अर्धं पान लिही. तिनं सात पानं लिहिली, दोन तक्त्यांसह. सिस्टरनी शिंका कापल्या, उचक्या कापल्या, तक्ते कापले, आणि शेवटचा परिच्छेद तेवढा ठेवला. तो असा छापला गेला:

'तुझं बाळ झोपलंय ना? मग त्याच्या नाकाखाली बोट धरून उभी राहू नकोस. मी धरून पाहिलंय. काही होत नाही, फक्त ते उठतं. त्यापेक्षा एक कर. तुझ्या वरच्या, खालच्या नाहीतर शेजारच्या घरातून रोज एखादा आवाज येत असेल, तुला नकोसा झालेला. काठीचा, रेडिओचा, खोकल्याचा. तो आज आला का, आठवून बघ. आला नसेल तर बरं झालं असं म्हणायच्या आधी जाऊन दार वाजव. बाळाला खांद्यावर घेऊन गेलीस तरी चालेल. चार वाजायची वाट बघू नकोस.'